विझकायाची बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायामीत राहायला आल्यापासून भारतातून आलेल्या जवळपास प्रत्येक पाहुण्याला मी विझकाया दाखवायला नेते. येताना सगळ्यांच्या डोक्यात 'तो समुद्राकाठचा महाल' असतो. परतताना गाडीत प्रश्न मात्र बागेचे असतात, आणि पुढे महिनाभर फोनवर येत राहतात ते वेगळेच. तेच ते सांगून झाल्यावर उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवलेत, फक्त क्रम मी लावलाय. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विझकाया म्हणजे नेमकं काय? राजवाडा आहे का?

राजवाडा नाही, एका धनिकाचा हिवाळ्यात राहायचा बंगला आहे. जेम्स डीअरिंग या उद्योजकाने अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, मायामी शहरात, बिस्केन उपसागराच्या काठी तो बांधवला. काम १९१४ मध्ये सुरू झालं आणि १९१६ च्या नाताळच्या दिवशी डीअरिंग तिथे राहायला आला. बाग मात्र तेव्हा अर्धीच झाली होती. पहिल्या महायुद्धामुळे माणसं आणि माल दोन्ही अडले आणि ती पुरी व्हायला १९२० चं दशक उजाडलं. मूळ जागा सुमारे १८० एकर होती, त्यातली साधारण ५० एकर आज उरली आहे (उरलेलीचं काय झालं ते प्रश्न १३ मध्ये). आता हे सार्वजनिक संग्रहालय आहे.

२. नाव स्पॅनिश, घर इटालियन, मालक अमेरिकन. हा काय प्रकार?

बिस्काया हा स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचा बास्क प्रांत. आपल्या उपसागराचं नाव बिस्केन, त्याच्याशी जुळणारं हे नाव डीअरिंगला आवडलं. या नावाचा एक दर्यावर्दी इथे येऊन गेला असावा अशीही त्याची समजूत होती. खरा दर्यावर्दी विझकाइनो, आणि त्याचं जहाज लांब पॅसिफिकमध्ये, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागलं होतं. चूक कळल्यावरही डीअरिंगने नाव बदललं नाही. उलट 'बेल विझकाया' नावाचा एक काल्पनिक दर्यावर्दी घडवून त्याचा पुतळा उभा केला. जुनं शिडाचं गलबत आणि समुद्रघोडा ही इथली दोन चिन्हं आहेत, दारांवर, भिंतींवर ती शोधत फिरायला मुलांना मजा येते. उच्चार इंग्रजी वळणाने 'विझकाया' करतात, मीही तोच ठेवलाय.

३. एवढा पैसा आला कुठून?

कापणीयंत्रांतून. डीअरिंगच्या वडिलांची शेतीच्या यंत्रांची कंपनी होती. १९०२ मध्ये ती मॅकॉर्मिक आणि इतर कंपन्यांत विलीन होऊन 'इंटरनॅशनल हार्वेस्टर' तयार झाली. जेम्स तिचा उपाध्यक्ष होता. लग्न केलेलं नव्हतं, रक्तक्षयाचा जुना आजार होता, आणि डॉक्टर म्हणत ऊन घ्या. म्हणून दक्षिण फ्लोरिडा. तो इथे फक्त हिवाळ्यात राहायचा. हे लक्षात ठेवा, कारण बागेचा अर्धा आराखडा त्यावर उभा आहे.

४. बाग कोणी आखली? गाईड एक नाव सांगतो, जुन्या पुस्तकात दुसरंच असतं.

आराखडा दिएगो सुआरेझचा. जुन्या मजकुरात पॉल शॅल्फिनचं नाव दिसतं, त्यामागे भांडण आहे.

शॅल्फिन हा डीअरिंगचा कलासल्लागार. घर, फर्निचर, बाग, होड्या, सगळ्यांवर त्याची नजर. घराचा वास्तुविशारद फ्रान्सिस बरॉल हॉफमन. १९१४ मध्ये डीअरिंग आणि शॅल्फिन खरेदीला इटलीत गेले होते. फ्लोरेन्सजवळच्या ला पिएत्रा या बंगल्याच्या बागेवर तेव्हा एक तरुण काम करत होता, जन्माने कोलंबियाच्या बोगोटाचा, वाढलेला इटलीत. तोच सुआरेझ. पाहुण्यांना आसपासच्या बागा दाखवायचं काम त्याच्याकडे आलं. पुढे तो अमेरिकेला गेला, युद्ध पेटलं, परतीची वाट बंद झाली, आणि शॅल्फिनने त्याला कामावर घेतलं. त्या वेळी तो पंचविशीत होता.

१९१७ मध्ये दोघांचं बिनसलं आणि सुआरेझ निघून गेला. बाग त्याच्या आराखड्यावरच पुरी झाली, पण श्रेय अनेक वर्षं शॅल्फिनच्या खात्यात जमा होत राहिलं. हॉफमनच्या बाबतीतही तेच. सुआरेझ १९७४ पर्यंत जगला, त्यामुळे आपलं नाव परत जोडलं गेलेलं पाहणं त्याच्या नशिबी होतं. शॅल्फिनला मी खलनायक करणार नाही. त्याच्याशिवाय हे काम उभंच राहिलं नसतं. पण बाग ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचं नाव पहिलं घ्यावं, इतकंच.

५. बागेच्या टोकाला ते टेकाड कशाला? त्याच्यामुळे पलीकडचं काहीच दिसत नाही.

दिसू नये म्हणूनच ते आहे. माझ्या मते संपूर्ण विझकायातली सर्वांत हुशार गोष्ट हीच.

बाग घराच्या दक्षिणेला आहे. सुआरेझने सुरुवातीचा आराखडा जागा न पाहताच केला होता. घरापुढे पायऱ्या, वाफे, आणि त्यापलीकडे पसरलेलं तळ्याचं पाणी. कागदावर सुंदर. मग तो प्रत्यक्ष जागेवर आला, घराच्या दक्षिणेच्या गच्चीवर उभा राहिला, आणि समोरच्या पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने त्याचे डोळे दिपले. हिवाळ्यात इथे सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, आणि मालक राहणार नेमका त्याच दिवसांत. म्हणजे रोज दुपारी गच्चीवर बसणाऱ्याच्या डोळ्यांत आरसा मारल्यासारखं होणार.

त्याने आराखडा फिरवला. पाणी आणि घर यांच्यामध्ये मातीचं टेकाड उभं केलं, त्यावर झाडी लावली आणि वर एक छोटी इमारत बसवली (प्रश्न ६). मग पुढची अडचण आली. नजर एका टेकाडावर आपटून थांबली तर बाग आखूड वाटणार. म्हणून त्याने मुख्य वाटा समांतर न ठेवता पंख्यासारख्या पसरवल्या. घरापासून निघालेल्या दोन वाटा तिरप्या फाकत जातात, मध्ये पाणी आणि त्यात एक बेट, आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या झुडपांची नक्षी. टेकाडावर चढून मागे वळून पाहा, सगळ्या रेषा घराकडे गोळा होतात.

टेकाडावर चढताना मधोमध जलसोपान लागतो, पायरी-पायरीने खाली येणारं पाणी. दोन्ही बाजूंना शंख-शिंपल्यांनी मढवलेल्या कृत्रिम गुहा आहेत. उन्हात तिथे उभं राहिलं की तपमान उतरल्याचं लगेच जाणवतं. इटलीत अशा गुहा डोंगराच्या पोटात असतात. इथे डोंगर नाही, म्हणून आधी डोंगर केला.

६. नकाशावर 'कॅसिनो' लिहिलंय. जुगार चालायचा का?

गोव्याहून आलेला प्रत्येक पाहुणा हे विचारतो, आणि मांडवीतल्या बोटींचा विषय निघतो. इटालियनमध्ये 'कासा' म्हणजे घर, 'कॅसिनो' म्हणजे छोटं घर, बागेतला विसाव्याचा बंगलीवजा मंडप. जुगाराचा अर्थ नंतर चिकटला. टेकाडावरचा कॅसिनो फिरत येऊन सावलीत बसायला, एका बाजूने बाग आणि दुसऱ्या बाजूने पूर्वीची सरोवरं बघायला होता.

७. मग ही बाग इटालियन की फ्रेंच? की दोन्हींची नक्कल?

जलसोपान, गुहा, भिंतींनी वेढलेली 'गुप्त बाग', छोटी नाट्यबाग, हे सगळं इटालियन. सपाटीवरच्या झुडपांच्या नक्षीदार वाफ्यांवर फ्रेंच हात दिसतो. किनाऱ्यावरचे रंगीत पट्ट्यांचे होडी बांधायचे खांब सरळ व्हेनिसहून उचललेले. घराचं मूळ प्रेरणास्थान उत्तर इटलीतल्या बस्सानो देल ग्राप्पा गावाजवळची व्हिला रेझ्झोनिको.

पण 'नक्कल' म्हणणाऱ्यांशी मी भांडते. टस्कनीच्या बागा उतारावर असतात, दक्षिण फ्लोरिडा पोळपाटासारखा सपाट. तिथे सरूच्या आणि बॉक्सवूडच्या भिंती, इथे त्या जातीच्या झाडांना हवा मानवत नाही (प्रश्न १०). तिथे संगमरवर, इथे प्रवाळाचा दगड (प्रश्न ९). तिथे डोंगरावरून येणारं गोडं पाणी, इथे पायाखाली खारं. प्रत्येक ठिकाणी सुआरेझला इटालियन नियम वाकवावा लागला, आणि जिथे वाकवला तिथेच बाग रंगते. जिथे हट्टाने तसाच ठेवला तिथे फसली. गुप्त बागेचंच घ्या. भिंतीआडच्या त्या जागेत ऑर्किड मांडायचा बेत होता. प्रखर ऊन आणि खारा वारा यांच्यापुढे तो टिकला नाही. आता तिथे मांसल पानांची, रखरखीत जागी तगणारी झाडं आहेत, आणि खरं सांगायचं तर ती जास्त शोभतात.

८. घरासमोर समुद्रात ती दगडी बोट आहे, ती तरंगते का? आणि बांधली कशाला?

तरंगत नाही. तो बोटीच्या आकाराचा लाटा अडवणारा बांध आहे. घराचा पूर्वेचा दर्शनी भाग सरळ खाडीकडे उघडतो, तिथे लाटांचा मार थेट बसू नये म्हणून पुढ्यात काहीतरी हवंच होतं. साधा दगडी बांध घालून भागलं असतं. डीअरिंगच्या माणसांनी त्याला राजेशाही पडावाचं रूप दिलं. शिल्पं अलेक्झांडर स्टर्लिंग काल्डरची. हवेत डोलणाऱ्या शिल्पांसाठी जगभर नाव झालेल्या अलेक्झांडर काल्डरचे हे वडील, दोघांची गल्लत होते. पडावावर मुळात झाडं होती, कारंजी होती, जाळीचा मंडप होता. पाहुण्यांना होडीने तिथे चहाला नेत असत.

झाडं आणि मंडप वादळांनी नेले. राहिल्या त्या खारवलेल्या, नाकं झिजलेल्या जलकन्या. चित्रकार जॉन सिंगर सार्जंट १९१७ मध्ये इथे आला होता, घराची आणि परिसराची जलरंगचित्रं त्याने तेव्हा काढली. त्याच्या चित्रातली दगडी धार आणि आजची धार शेजारी ठेवून पाहिली की शंभर वर्षांत मिठाने काय केलं ते कळतं.

९. पुतळे खरंच पाचशे वर्षांचे आहेत? दिसतात तरी तसे.

काही जुने, बरेचसे नाहीत. घर चारशे वर्षं वापरात असल्यासारखं वाटलं पाहिजे असा शॅल्फिन आणि डीअरिंगचा आग्रह होता. काही शिल्पं आणि कारंजी इटलीतून विकत आणली. त्यांतलं एक कारंजं बस्सानो दि सुत्री (आताचं बस्सानो रोमानो) या गावच्या चौकातलं आहे. बाकीचं कोरीव काम इथेच, प्रवाळाच्या दगडात केलं.

फ्लोरिडा कीज नावाच्या बेटांच्या माळेचा उत्तरेकडचा भाग म्हणजे साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीचा प्रवाळाचा खडक. त्या दगडात प्रवाळाच्या नळ्या, घरं अजून दिसतात. करवतीने कापता येतो, छिद्रं मुबलक, आणि ओल धरतो. म्हणून त्यावर शेवाळ चटकन चढतं, कडा वर्षा-दोन वर्षांत बोथट होतात. 'जुनं दिसू दे' म्हणणाऱ्याला हा दगड म्हणजे वरदान. जपणुकीचं काम करणाऱ्यांना मात्र डोकेदुखी, कारण तो म्हातारा दिसायचा थांबत नाही. जिवंत प्रवाळ तोडून आणलं का, असं एका भाचीने विचारलं होतं. नाही, खाणीतला दगड.

१०. वाफ्यांतली ती कापलेली झुडपं कसली? आपल्याकडची मेंदी दिसते.

दिसते खरी, पण मेंदी नाही. युरोपात असे वाफे बॉक्सवूडचे करतात. त्याला इथला दमट उन्हाळा सोसत नाही. सुआरेझने चमेलीच्या गोतातलं एक झुडूप घेतलं, सतत कापत राहिलं तर ते घट्ट, बुटकं राहतं. जाई-जुईच्या नातलगाला कैचीखाली घालून भूमितीला जुंपलेलं पाहून आमच्या मावशी हळहळल्या होत्या, 'फुलू तरी द्या की बिचारीला.'

दुसरा बदल कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. सरूच्या उंच हिरव्या भिंतींच्या जागी इथे सुरू लावला होता. तोच, दापोली-गुहागरच्या पुळणीवर वाऱ्यात सूं सूं करणारा. त्याला कापून भिंतीसारखा सरळ ठेवत. त्या काळी तो जलद वाढणारा, खारं सोसणारा म्हणून नावाजलेला होता. आज फ्लोरिडात सुरू हा उपद्रवी परदेशी वृक्ष म्हणून नोंदला जातो. मुळं उथळ, वादळात आडवा होतो, आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. एकाच झाडाचं एका किनाऱ्यावर कौतुक आणि दुसऱ्यावर बंदी.

ओक मात्र इथलाच, सदाहरित जातीचा. बागेच्या कडेने त्याच्या कापलेल्या रांगा आहेत.

११. फाटकापासून घरापर्यंत जे जंगल लागतं ते मुद्दाम लावलंय की मूळचं आहे?

मूळचं. त्याला स्थानिक भाषेत 'हॅमक' म्हणतात. दोन झाडांना बांधलेला झोपाळा नव्हे, चुनखडीच्या खडकावर वाढलेलं दाट, रुंद पानांचं रान. मातीचा थर वीतभर, मुळं दगडाच्या भोकांत घुसलेली. गंबो लिंबो नावाचं झाड इथे पाहा, तांबूस साल सोलवटत असते. उन्हाने भाजून कातडी निघालेल्या पर्यटकांवरून लोक त्याला 'टूरिस्ट ट्री' म्हणतात. दुसऱ्या झाडाला आवळत वाढणारा इथला फायकस आपल्या वडा-पिंपळाच्या कुळातला.

डीअरिंगने हे रान तोडू दिलं नाही. घर त्यात न बसवता किनाऱ्याला ढकललं आणि रस्ता रानातून नेला. याचा बागेच्या रचनेवर परिणाम असा की तुम्ही अंधाऱ्या, ओल्या सावलीतून चालत येता, घरातून पलीकडे जाता आणि एकदम उजेड आणि पाणी. पुष्कळ पाहुणे गाडीतून उतरून झरझर चालत हा भाग उरकतात. कृपया तसं करू नका.

१२. म्हणजे डीअरिंग पर्यावरणवादी होता म्हणायचा?

इतकं सोपं नाही. रान वाचलं, पण घरासाठी किनाऱ्यावरचं कांदळवन गेलं. पाण्यात भराव पडला. होड्या घराशी याव्यात म्हणून तळ उपसून वाट केली. दक्षिणेची सरोवरं आणि कालवेही खोदून काढलेले. घरापासून थोडं बाजूला गेलात तर काठाला खारफुटीची पट्टी अजून दिसते, त्यावरून आधी काय असेल याची कल्पना करता येते.

त्या काळात खारफुटी म्हणजे डासांची दलदल, असंच सगळे समजत. आपल्याकडेही मुंबईत तेच समजून कितीतरी भराव झाले. डीअरिंगला झाडाझुडपांची आवड होती आणि त्याने रान वाचवलं हे खरं. त्याच हाताने त्याने वादळाच्या लाटा झेलणारी भिंत काढली आणि जागी दगडी पडाव ठेवला, हेही खरं. त्याची किंमत कोणी मोजली ते प्रश्न १५ मध्ये.

१३. १८० एकरातली बाकीची जागा गेली कुठे?

डीअरिंग १९२५ मध्ये जहाजावर, युरोपातून परतताना वारला. मूलबाळ नव्हतं. वारस भाच्या-पुतण्यांकडे एवढ्या पसाऱ्याचा खर्च आला, कर आले, वादळाची मोडतोड आली. तुकडे विकले गेले.

सर्वांत मोठा तोटा दक्षिणेच्या सरोवर-बागेचा. टेकाडापलीकडे कालवे, बेटं, पूल अशी पाण्यातली बाग होती, नियमबद्ध वाफ्यांच्या अगदी उलट स्वभावाची. होडीतून तिथून येऊन टेकाडाशी उतरता येत असे. १९४० च्या दशकात ती जमीन कॅथलिक चर्चकडे गेली, सरोवरं बुजवली, आणि १९५० मध्ये तिथे मर्सी हॉस्पिटल उघडलं. म्हणून टेकाडावरच्या कॅसिनोची दक्षिणेची बाजू आज उगाच असल्यासारखी वाटते. ती ज्या देखाव्यासाठी होती तो देखावाच नाही. बाग अर्ध्यात तुटलेल्या वाक्यासारखी संपते याचं कारण सुआरेझ नव्हे.

१९५२ मध्ये घर आणि बागा डेड काउंटीने, म्हणजे मायामीच्या जिल्हा प्रशासनाने, दहा लाख डॉलरला घेतल्या. घरातलं सामान वारसांनी दान दिलं. १९९४ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

१४. रस्त्यापलीकडे जुनी पिवळट घरं दिसतात, ती पण याच्यातलीच?

हो, ते 'व्हिलेज'. गोठा, कोंबड्या, भाजीपाला, फुलांची रोपं, यंत्रशाळा, नोकरांच्या खोल्या. घरातल्या फुलदाण्या आणि पानातली भाजी इथून जात असे. पर्यटकांनी या भागाकडे पाठ फिरवलेली असते. १९६० ते २०१५ या काळात त्याच जमिनीच्या एका भागावर मायामीचं विज्ञान संग्रहालय होतं.

आणि हे सगळं बांधलं कोणी, हे इथेच सांगून टाकते. मायामीची वस्ती जेमतेम १०,००० असताना बांधकामावर १,००० च्या आसपास माणसं होती. त्यांत बहामा बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर मोठ्या संख्येने होते, शेजारच्या कोकोनट ग्रोव्हमध्ये त्यांची जुनी वस्ती. प्रवाळी खडकात काम करण्याचं कसब त्यांच्याकडे होतं, कारण बहामाची जमीन तशीच आहे. वर्णभेदाचे कायदे ऐन जोरात होते. सार्जंटने खाडीत अंघोळ करणाऱ्या या मजुरांची चित्रं काढली. माझ्या लेखी त्या भेटीतली तीच सर्वांत जिवंत चित्रं.

१५. चक्रीवादळात बागेचं काय होतं?

सप्टेंबर १९२६ चं मोठं वादळ डीअरिंगच्या मृत्यूनंतर वर्षभराने आलं आणि बागेची वाताहत झाली. १९३० च्या दशकात डागडुजीसाठी शॅल्फिनला परत बोलावलं. पुढे १९९२ चं अँड्र्यू, २००५ ची कॅटरिना आणि विल्मा, २०१७ ची इर्मा.

वाऱ्यापेक्षा पाणी वाईट. वारा झाड पाडतो, ते दुसरं लावता येतं. उधाणाचं पाणी वाफ्यांत शिरलं की माती खारवते, आणि कापलेली झुडपं पुढे कित्येक आठवडे पिवळी पडत मरत जातात. प्रवाळी दगडात मीठ भिनतं, सुकताना स्फटिक होतं आणि आतून दगड फोडतं. शिवाय इथला खडक सच्छिद्र, त्यामुळे भिंत बांधून समुद्र अडवता येत नाही, पाणी खालून वर येतं. समुद्राची पातळी वाढतेय तशी वादळ नसतानाही अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला काठाच्या पायऱ्या बुडतात.

१६. आज दिसते ती बाग अस्सल आहे का?

आखणी अस्सल. वाटा, वाफ्यांची नक्षी, टेकाड, जलसोपान, पायऱ्या सुआरेझच्याच. झाडं मात्र बहुतेक नंतरची. बागेत हे स्वाभाविक आहे, देवळाचा कळस आणि तुळशीवृंदावनातली तुळस यांना एकच कसोटी लावता येत नाही.

अवघड अपवाद दोन. पहिला, सुरूसारखी झाडं मूळ आराखड्यात होती म्हणून परत लावायची का? नाही, इतिहासाशी इमान राखून उपद्रवी झाड लावण्यात शहाणपण नाही, त्याच उंचीचं दुसरं काहीतरी शोधावं लागतं. दुसरा, घराच्या मध्यभागी असलेला चौक. तो मुळात उघडा होता, आपल्या वाड्याच्या चौकासारखा, आणि खाडीचा वारा त्यातून थेट बागेपर्यंत जायचा. आतल्या वस्तू वाचवण्यासाठी १९८६ मध्ये त्यावर काच बसवली. वस्तू वाचल्या. घर आणि बाग यांच्यातला वारा गेला. मला ती काच खुपते, पण अडीच हजार वस्तूंची जबाबदारी माझ्यावर असती तर कदाचित मीही बसवलीच असती.

१७. न्यूपोर्टचं 'द ब्रेकर्स' पाहिलंय. मग हे पाहायची गरज आहे का?

आहे. ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टचं द ब्रेकर्स १८९५ मध्ये व्हँडरबिल्ट कुटुंबासाठी पुरं झालं, उन्हाळी बंगला. त्याची बाग अर्नेस्ट बोडिचने आखली. तिथे कड्यावर घर, पुढे हिरवळ उतरत जाते आणि पलीकडे अटलांटिक. हिरवळीचं काम घराला चौकट देण्याचं. विझकायात बागेला घराइतकीच जागा आणि घरापेक्षा जास्त बुद्धी मिळाली आहे. शिवाय तिथे समुद्र खाली आहे, इथे उंबऱ्याशी.

१८. आपल्या भारताशी याचा काही संबंध?

बागेशी थेट नाही, उगाच ओढूनताणून जोडणार नाही. पण शेजारची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मुंबईमार्गे आंब्याची कलमं मागवली. ती पाठवली होती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या वूड्रो नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी. त्यांतलं 'मलगोबा' फ्लोरिडात तगलं. त्याच्या बाठीपासून विझकायाच्या शेजारी, कोकोनट ग्रोव्हमध्ये, कॅप्टन हेडन यांच्या अंगणात जे झाड झालं त्याचा आंबा 'हेडन', १९१० मध्ये पहिल्यांदा धरला. अमेरिकेतल्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच लाल आंब्यांचं गोत्र तिथे पोचतं. 'हापूसची सर नाही' असं म्हणत जो आंबा आपण इथे खातो, त्याची पणजी पुण्याहून आली.

१९. कधी जावं आणि कुठून सुरुवात करावी?

नोव्हेंबर ते मार्च, सकाळी दार उघडताच. मंगळवारी बंद असतं. मेट्रोरेलचं विझकाया नावाचंच स्थानक चालत जाण्याइतकं जवळ आहे. घर आधी आणि बाग नंतर असं सगळे करतात, मी उलट नेते. आधी रान, मग घराला वळसा घालून थेट टेकाड, तिथून मागे वळून बाग, मग दगडी पडाव, आणि ऊन चढलं की घर.

शनिवार-रविवारी घेरदार झग्यातल्या मुली आणि फोटोग्राफर दिसतील. लॅटिन कुटुंबांत मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचं मोठं कौतुक असतं आणि त्याचे फोटो इथेच काढायचे असतात. तुम्हाला साडी नेसून व्यावसायिक कॅमेऱ्याने फोटो काढायचे असतील तर आधी परवानगी काढा, फोनने काढायला कोणी अडवत नाही.

२०. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. तिने फक्त एकच जागा पाहायची तर कोणती?

घराची दक्षिणेची गच्ची. पायऱ्या उतरायची गरज नाही. दुपारी बाराच्या सुमाराला तिथे खुर्ची मिळाली तर बसवा आणि समोर पाहायला सांगा. डोळ्यांवर ऊन येत नाही ना, विचारा. येत नसेल तर प्रश्न ५ मधला माणूस तिला तिथेच भेटला.